उस्मानचाचांच्या मशीनमधले फोटो

ओमानमधल्या इब्रीच्या बाजारात अरबी अर्ज टाइप करून देणारे उस्मानचाचा मूळचे दापोलीकडचे. २००३ साली त्यांचा कॉम्प्युटर दर आठवड्याला अडायचा. डिस्क भरली, की प्रिंटरमधून अर्ज निघायचा नाही. समोर गिऱ्हाईक ‘यल्ला, यल्ला’ करत घाई लावायचं आणि चाचा मला फोन लावायचे. मी तिथल्याच एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचो.

कारण मला ठाऊक होतं. पाहिलेलं प्रत्येक पान, प्रत्येक चित्र ब्राउझर स्वतःजवळ ठेवून देतो, पुढच्या वेळी लवकर उघडावं म्हणून. या साठ्याची मर्यादा चाचांनी वाढवत वाढवत टोकाला नेली होती.

“चाचा, हा कचरा काढू द्या.”

“कचरा तुझ्या कंपनीत. इथे लोकांची घरं आहेत.”

दर जुम्याला नमाजानंतर कोकणातली माणसं गावाहून आलेले फोटो पाहायला त्यांच्याकडे येत. फुकटच्या मेलबॉक्समध्ये जागा जेमतेम, म्हणून फोटो पाहून झाला की चाचाच मेल पुसायला लावत. पुन्हा बघायचा झाला तर साठ्यातलं जुनं पान उघडून देत. फोटो वेगळा सेव्ह करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यातच अमीनच्या आईचा एकुलता एक फोटो होता. अमीन खजुराच्या बागेत कामाला. आई वारली तेव्हा अर्बाबने, म्हणजे बागेच्या मालकाने, रजा दिली नाही. जुम्याला तो फक्त ते पान बघायला यायचा.

त्या शुक्रवारी मी वैतागून सकाळीच बसलो. हजारो फायली, नावांना ना शेंडा ना बुडखा. आकाराप्रमाणे लावल्या, मोठे फोटो आधी वेगळ्या फोल्डरमध्ये काढले, मग बारीकसारीक जाहिराती पुसल्या. निकाह निघाले, बाळांचे अकीके निघाले, कुणाची व्यालेली म्हैसही निघाली. अमीनची आई निघाली नाही. पुन्हा शोधलं. नव्हतीच.

“मी तर कधी काहीच पुसलं नाही!” चाचा ओरडले.

“साठा भरला की जुनं तो आपोआप फेकतो, चाचा. फोटो तेव्हाच वेगळे काढून ठेवायला हवे होते.”

“फेकायचंच होतं तर ठेवून कशाला घेतो हरामखोर!” त्यांनी मॉनिटरवर थाप मारली.

डिस्क मोकळी झाली होती. अडकलेले अर्ज भराभर छापून येऊ लागले. तेवढ्यात दारात अमीन.

“चाचा, आईचं पान लावा ना.”

चाचांनी मान वर केली नाही.

“मशीन अडलीय रे. पुढच्या जुम्याला बघू, इन्शाल्ला.”

आणि त्यांच्या मागे प्रिंटर एकावर एक कागद टाकतच होता.