वेराचं बारसं

आत्याचा मान म्हणजे आत्याचा मान. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्यानंच सांगायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझं नाव माझ्या आत्यानं ठेवलं आणि जन्मभर त्याचा तोरा मिरवला. कुणाच्याही लग्नात भेटली की चारचौघांत माझा गाल ओढून सांगायची, ‘हिचं नाव मी ठेवलंय.’ त्यामुळं धाकट्या भावाला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा मी हातातला ब्लाऊज मशीनवर तसाच सोडला आणि गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या आरशात स्वतःलाच एकदा बघून घेतलं.

उस्मानपुऱ्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. एका शटरची खोली, फॉल-पिको आणि ब्लाऊज. नवऱ्याचं घर सुटून बरीच वर्षं झाली. मूल झालं नाही म्हणून सुटलं, त्याबद्दल मला जास्त बोलायचं नाही. पण एवढं सांगायला पाहिजे की त्या घरात असताना मी मुलीसाठी एक नाव धरून ठेवलं होतं. दिवस राहिलेले नाहीत, कशाचा पत्ता नाही, आणि माझं नाव तयार. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला तर नाहीच. भाऊ तेव्हा कॉलेजात होता, मला भेटायला यायचा. एकदा त्याच्यापाशी बोलून गेले. तो म्हणाला, ‘ताई, लई भारी नाव आहे.’ मुलगी काही झाली नाही. नाव तेवढं राहून गेलं.

आता भावाला मुलगी झाली होती. मान माझा, नाव माझ्याकडं तयार. मला वाटलं, देवाला उशिरा का होईना, माझी आठवण झाली.

पेढे घेऊन दवाखान्यात गेले. भावजय पडून होती, मुलगी तिच्या कुशीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊच म्हणाला, ‘ताई, नाव ठरलं बरं का. वेरा.’

‘काय?’

‘वेरा. हिच्या ताईनं सुचवलंय. तिकडचं नाव आहे. रशियात, चेकमध्ये, सर्बियात, सगळीकडं मुलींचं ठेवतात. विश्वास असा अर्थ आहे.’

मी पेढ्यांचा पुडा उशाशी ठेवला आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यानं मुद्दाम केलं असतं तर मी तिथल्या तिथं त्याची हजेरी घेतली असती. पण तो साफ विसरला होता. त्याच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता आणि त्या आनंदाशी भांडायचं कसं ते मला कळेना. ‘बरं,’ म्हणाले आणि दोन जिने उतरून बाहेर आले तोवर माझे कान तापले होते.

भावजयीच्या या थोरल्या बहिणीबद्दल बोलायला लागले की माझी जीभ तिखट होते, ती मी आवरणार नाही. वेरूळचं यांचं माहेर. लेण्यांच्या रस्त्यावर वडिलांचं लॉज, त्यामुळं बाईसाहेब फॉरेनर बघत मोठ्या झालेल्या. इंग्रजी फाडफाड. पुढं चेक भाषा शिकली, प्रागला नोकरी, तिकडचाच नवरा, दोन मुलगे. मी म्हणते, असू दे की. कुणी अडवलंय. पण दोन पोरांची नावं स्वतःच्या मनानं ठेवून झाल्यावर तिसरं ठेवायला तिला माझ्याच भावाची पोरगी सापडावी?

तिचा व्हिडीओ कॉल आला तेव्हा मी दवाखान्यातच होते. वेरा नावाच्या कोणकोण बायका होऊन गेल्या ते ती सांगत बसली. एक खेळाडू, कसरती करणारी, आख्ख्या जगात नाव कमावलेली. एक शिल्पकार, लोखंडाचे पुतळे करायची. एक मूकपटातली नटी, एक सिनेमे काढणारी. ती सांगते आणि भाऊ मान डोलावतो. मी बाळाचे लंगोट घड्या करत होते. घड्या नीट येईनात.

घरी येऊन मी मोबाईल घेऊन बसले. म्हटलं, इतक्या वेरा झाल्या तर एखादी तरी वाईट निघेल. आणि निघाली की. एक सोडून दोन-तीन निघाल्या, राजाच्या विरोधात गेलेल्या, खटले चाललेल्या, तुरुंगात सडलेल्या. मला एवढा आनंद झाला की चहा गॅसवर उतू गेला. दुसऱ्या दिवशी भावाला घरी गाठलं. ‘तुरुंगात गेलेल्या बायांचं नाव पोरीला ठेवतोस होय?’

‘कशासाठी गेल्या होत्या?’

‘राजाविरुद्ध.’

‘म्हणजे क्रांतिकारक?’ त्याचे डोळे चमकले. ‘अगं ताई, हे तर मला माहीतच नव्हतं. थांब, हिला सांगतो.’

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, ‘तू कशाला जीव जाळतेस गं? पोरगी सुखरूप हाय, नाव काय बी असू दे.’ आईला माझ्याकडच्या नावाचं माहीत नव्हतं. आणि मी भावाला आठवण करून दिली असती तर त्यानं दिलंही असतं, लगेच, हात जोडून. ते मला नको होतं. असलं मागून घेतलेलं काय कामाचं. दुकानात बाया विचारायच्या, ‘वेरूळचं आजोळ म्हणून वेरा काय?’ आणि हसायच्या. मी मशीन जोरात चालवायचे.

गुलमंडीतून जरीकाठाचं कापड आणून मी कुंची शिवली. लोक तयार घेतात, मी टाचणी लावून मापानं शिवली, आतून मलमलचं अस्तर, जरी टोचू नये म्हणून. बारशाच्या दिवशी वेरूळला पोचलो तर पोरीच्या डोक्यावर पांढरी लोकरीची टोपी. प्रागहून आलेली. बाहेर ऊन हे असं, आणि लेकरू टोपीत लालबुंद होऊन रडतंय. मी पिशवीतून कुंची काढून भावजयीपाशी ठेवली. पाच-दहा मिनिटांत भावजयीनंच टोपी काढली आणि माझी कुंची घातली आणि पोरगी गप झाली. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की माझं मलाच नवल वाटलं.

बारसं लॉजच्या खालच्या हॉलमध्ये होतं. भिंतीवर एक पेन्सिलीचं चित्र फ्रेम करून लावलेलं, लेण्यातल्या एका मूर्तीचं, हाताची बोटं अगदी जिवंत. भावजयीच्या आईला मी काकू म्हणते. काकू पाळण्याला फुलं बांधत होत्या. मी सहज विचारलं, ‘काकू, हे कुणी काढलं?’

‘वेरानं,’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं चेष्टा करतात. पण मग त्यांनी सांगितलं. प्रागची एक बाई दर हिवाळ्यात यायची, याच लॉजवर महिना-महिना राहायची, रोज लेण्यात जाऊन चित्रं काढायची. थोरली तेव्हा शाळेत होती. बाईच्या मागं मागं पाण्याची बाटली घेऊन हिंडायची. बाईनं तिला आपली चेक भाषा शिकवली, पुढं शिकायला तिकडं नेलं, स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. ‘लेकीसारखं केलं तिनं,’ काकू म्हणाल्या. ‘मागच्या थंडीत वारली. थोरली लई रडली. तिला दोन्ही मुलगेच. म्हणाली, आई, धाकटीला मुलगी झाली तर वेरा ठेवा.’

इथं माझं मन भरून यायला पाहिजे होतं. चांगल्या बाईचं आलं असतं. माझ्या अंगाचा मात्र भडका उडाला. म्हणजे तिच्याकडंही एक धरून ठेवलेलं नाव होतं. तिला मुलगी नव्हती, मला मूलच नव्हतं. आणि लागलं कुणाचं? तिचं. तिथं लांब बसून तिनं नुसतं म्हटलं आणि सगळ्यांनी झेललं. माझं नाव मी भावाला एकदा सांगितलं होतं, ते त्याच्या कानातून कधी गळून गेलं त्यालाही कळलं नाही.

तेव्हा मी ठरवलं. कानात माझं नाव सांगायचं आणि मोठ्यानं वेरा म्हणायचं. कुणाला कळणार? पोरगी तर सांगायला येणार नव्हती. पण तिच्या कानात पहिलं पडलेलं नाव माझं असेल, जगभरातल्या सगळ्या वेरा त्यानंतरच्या.

पाळणा सुरू झाला. बायकांनी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याच्या वरून-खालून फिरवला, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं. मग सगळ्यांनी मला पुढं केलं. भावानं फोन पाळण्यापाशी धरला, पडद्यावर थोरली, प्रागमध्ये, साडी नेसून, नाकात नथ. भाऊ म्हणाला, ‘ताई, जरा फोनजवळ सांग, म्हणजे त्यांना पण ऐकू येईल.’

‘फोन लांब कर,’ मी म्हणाले.

‘अगं, पण त्यांनीच तर नाव...’

‘कानात सांगायचं ते बाळाला ऐकू यायला पाहिजे. बाकी कुणाला नाही. फोन लांब कर.’

आवाज चढला होता माझा. पाळणा म्हणणाऱ्या बायका थांबल्या. भावजय माझ्याकडं बघायला लागली. आणि फोनमधून थोरली म्हणाली, ‘ताईंचं बरोबर आहे. मान त्यांचा आहे. तुम्ही बाजूला घ्या मला.’ शांतपणे म्हणाली. तिला असं मोठ्या मनानं बोलता आलं याचाही मला राग आला.

भावानं फोन पाठीमागं नेला. मी वाकले. कुंचीची कड बाजूला करून पोरीच्या कानाशी तोंड नेलं. दुधाचा वास येत होता. नाव माझ्या ओठांवर होतं. किती वर्षांत ते मी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

पोरीनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. गोरीपान, भावजयीचं नाक, भावाची हनुवटी. त्यांची पोरगी. आणि मला एकदम कळलं की ही ती नाही. त्या नावाची पोरगी मला चांगली माहीत होती. सावळी होती ती, कुरळ्या केसांची, हट्टी, माझ्यासारखी तिखट बोलणारी. त्या घरात दुपारी एकटी असायचे तेव्हा मी तिच्या वेण्या घातल्या होत्या मनात. ते तिचं नाव होतं. आज मी ते हिला दिलं असतं तर तिच्याकडं काय राहिलं असतं? नावाशिवाय तिच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं.

‘वेरा,’ मी पोरीच्या कानात म्हणाले. मग तोंड वर करून मोठ्यानं ‘वेरा’ म्हणाले आणि ‘कुर्र’ केलं.

कुर्र म्हटलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीतच आहे. आजूबाजूच्या सगळ्या बाया तुटून पडल्या, हसत, बांगड्या वाजवत, हाताला येईल तिथं. मी पाळण्याचा दांडा धरून वाकलेलीच राहिले. मग मला रडू फुटलं आणि ते थांबेना. हसणं हळूहळू बंद झालं.

काकू पुढं आल्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ‘लई जोरात मारलं का गं बाई तुला?’

‘व्हय,’ मी म्हणाले.