केसरआत्याची दुपारची गाडी

माझी आत्या केसर आता त्रेचाळीस वर्षांची आहे. श्रीवर्धनकडच्या आमच्या कोळीवाड्यात तिच्याइतकी झरझर कोलंबी सोलणारी दुसरी बाई नाही. तरी वाड्यात तिचं नाव ‘येडी केसर’.

त्याचं कारण तिच्या फेऱ्या. रोज जेवणं झाली की ती मागच्या अंगणात, बोंबील वाळत घालायच्या काठ्यांखालून या टोकाकडून त्या टोकाकडे चालत राहायची. बोटं एकमेकांवर घासत, ओठ हलवत, मध्येच हसत. घरात कुणी ओरडलं, पाहुणे आले, की फेऱ्या वाढायच्या. लग्न करून दिलं तर दहाव्या दिवशी सासरच्यांनी परत आणून सोडलं. माझी आजी सोनाबाई मात्र तिच्या फेऱ्यांत कुणाला आडवं येऊ द्यायची नाही. “तिचं झालं का येल ती,” म्हणायची. आणि आत्या यायची, निवलेली, मुकाट्याने कोलंबीच्या पाटीशी बसायची.

नववीत असताना एकदा मी तिच्याबरोबर फेऱ्या मारल्या. विचारलं, “आत्या, तू कुठं असतेस गं?”

“गाडीत.”

“कुठल्या?”

“बोर्लीवरनं म्हसळ्याला जाते ती. दुपारची. मी कंडक्टर हाय.”

मग ती बोलत सुटली. एरवी दिवसभरात चार शब्द बोलणारी बाई! गाडीत अठ्ठावीस माणसं, रोज तीच. खिडकीशी हिरव्या लुगड्यातली म्हातारी, मांडीवर फणस. तिच्यामागे छत्रीवाले मास्तर. ती तिकिटं फाडते, घंटेची दोरी ओढते, गाडी सुटते. म्हसळं आलं की पुन्हा बोर्लीपासून सुरू.

“कंटाळा न्हाय येत?”

“तीच असते म्हणून तर बसते,” ती म्हणाली.

पुढे आजी गेली. मी पनवेलला नर्सिंग शिकायला गेले आणि शेवटच्या वर्षाला असताना मला बघायला पेणहून माणसं आली. घरात गलबला झाला तशी आत्या अंगणात चालू लागली. पाहुण्यांतल्या एका बाईने बोट दाखवून विचारलं, “ही कोण? रक्तातच हाय का काय तुमच्या?” कळवतो म्हणून गेले ते गेलेच. माझे बाबा, धनेश, आत्याला दंडाला धरून आत ओढत घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात ते तिला एका डॉक्टरकडे घेऊन गेले. एकटीच बोलते, हसते, एवढंच त्यांनी सांगितलं. डॉक्टरने तिच्याकडे न बघताच गोळ्या लिहिल्या. महिन्याभरात फेऱ्या थांबल्या. मी सुट्टीत आले तेव्हा आत्या ओट्यावर बसली होती. हातात अर्धी सोललेली कोलंबी, हनुवटीवर लाळ.

“बघ, कशी सुधारली,” बाबा म्हणाले.

मी तिच्या कानाशी विचारलं, “आत्या, गाडी?”

जड जिभेने ती म्हणाली, “सुटत न्हाय. घंटा मारते, सुटत न्हाय.”

मी भांडून तिला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई तिच्याशी दोन तास बोलल्या. तिला जन्मापासून ऑटिझम आहे, म्हणाल्या. “हे भास नाहीत. गाडी मनातली आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. स्वतःला शांत करायचा उपाय तिने स्वतःच शोधलाय. तो काढून घेऊ नका.” गोळ्या हळूहळू बंद केल्या. पावसाळा संपता संपता आत्या पुन्हा चालू लागली.

बाबांनी डॉक्टरबाईंचा कागद दोनदा वाचला. “म्हंजे येड बीड काय न्हाय? मग चाळीस वर्सं सोंगच केलं म्हणायचं हिनं!”

मी खूप चिडले. घरात एकटी मीच तिला ओळखते, याचा मला अभिमान होता.

दुसऱ्या वर्षी उरणच्या विनेशशी माझं लग्न ठरलं. आत्याबद्दल त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. बाबा म्हणाले, लग्नाच्या दिवशी तिला जाळ्यांच्या खोलीत ठेवू. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. उलट मीच तिला नवी अबोली साडी नेसवली, खोलीत नेलं आणि म्हटलं, “एकच दिवस, आत्या. माझ्यासाठी.”

“किती वाजेपर्यंत?” तिने विचारलं. वेळ नक्की ठाऊक असली की ती काहीही सोसते.

“चार,” मी म्हणाले आणि बाहेरून कडी घातली.

मांडव घराला लागून होता. डीजेवाल्याने भोंगे लावले ते नेमके त्याच खोलीच्या भिंतीला. मला स्टेजवरून दिसत होते. वऱ्हाड निघायच्या तयारीला लागलं तेव्हा साडेसात वाजले होते; मग मी कडी काढली. जाळ्यांच्या ढिगातून आत्याला चालायला चार पावलंसुद्धा जागा नव्हती. तिने मनगट चावून चावून फोडलं होतं. अबोली साडीवर रक्त सुकलं होतं. मी हात धरायला गेले तर तिने झटकन मागे घेतला.

“चार म्हणालीस,” ती म्हणाली. तेवढंच.

याला दोन वर्षं झाली. मी माहेरी आले की माझा आवाज ऐकून आत्या समुद्राकडच्या दाराने बाहेर पडते आणि मी उरणला निघेपर्यंत घरात पाऊल टाकत नाही. आई म्हणते, “मनाला लावून घेऊ नको. तिला काय कळतंय?”

चारचा शब्द मी दिला होता, हे आईला ठाऊक नाही.