तंबूवाल्यांच्या समोरचं सीतादही

पोरानं वावरात तंबू लावले तेव्हा मी आत जाऊन पाहून आलो. पलंग, जाड गादी, मच्छरदाणी, लायटीच्या माळा, अन् पलंगाच्या उशालाच संडास. बाहेर आलो आणि बायकोला म्हणालो, "ज्या तंबूत संडास हाय तो कायचा तंबू? हे लोक घरी काहून नाई राहत?" ती म्हणाली, "तुमी तोंड धुवा अन् च्या प्या."

पोरगा पुण्याची नोकरी सोडून आला होता. कळंबच्या पुढं आमचं वावर आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला मोहाचं झाड, त्याच्याखाली तीन तंबू. शनिवारी नागपूरहून, अमरावतीहून गाड्या यायच्या आणि रविवारी जेवण करून परत जायच्या. माणसं बैलाजवळ उभी राहून फोटो काढायची. मला त्यांचं काही कौतुक नव्हतं. तिला होतं. ती चुलीवर भाकर टाकता टाकता शहरातल्या बायांना जवळ बसवून घ्यायची, त्यांचे हात पिठात घालायला लावायची आणि त्यांची भाकर फाटली की मोठ्यानं हसायची.

यंदा पोळ्याच्या आधी ती गेली. तापाचं निमित्त झालं. त्याच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. चौथी शिकलेला माणूस, तेवढे शब्द माझ्याजवळ नाहीत.

दिवाळी झाली अन् कापूस फुटला. सकाळी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहिलं की वावर पांढरं दिसायचं. पोरगा म्हणाला, "बाबा, वेचणीच्या बायांले कधी सांगू?"

"सांगू नको."

"काहून?"

"सीतादही कोण करन?"

आमच्याकडं सीतादही केल्याशिवाय कापसाला कोणी हात लावत नाही. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या, एका झाडाजवळ जागा साफ करायची, पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा. मग एका बोंडातला कापूस ओढून त्याचा धागा झाडाला गुंडाळायचा. त्यानंतर बाया कमरेला ओटी बांधतात अन् वेचणीला लागतात. हे काम घरच्या बाईचं. लग्न झालं त्या सालापासून ती करत आली.

सून आतून म्हणाली, "मी करते ना बाबा."

"तू राहू दे. घरात माणूस गेलं हाय. वर्षभर सण नाई."

"मंग यंदा न करता वेचू," पोरगा म्हणाला.

"तसं माह्या वावरात होत नाई."

सीतादही करायचं नाही आणि ते केल्याशिवाय वेचायचंही नाही, असं मी बोलत होतो, अन् ते मलाही ऐकू येत होतं. सांगितलेलं कारण खोटं नव्हतं. पण मोठं कारण दुसरं होतं. तिच्या जागेवर दुसरी बाई वाकलेली मला पाहायची नव्हती. एकदा का कोणी तिथं वाकलं की ती नाही हे वावरालाही कळून जाणार होतं.

कापूस कोणासाठी थांबत नाही. बोंडातून लोंबायला लागला, वारं आलं की खाली मातीत पडायला लागला. आमच्याकडं नेहमी येणाऱ्या बाया दुसऱ्यांच्या वावरात जायला लागल्या. रोज सकाळी आमच्याच धुऱ्यावरून जायच्या, अन् त्यांची मुकादम माझ्याकडं बघून नुसतं डोकं हलवायची.

अशात शनिवार आला. पोरानं 'कापूस वेचणीचा अनुभव' म्हणून लोकांचं तंबूचं बुकिंग आधीच घेतलं होतं, अन् वेचणी थांबल्याचं त्यानं त्यांना काही कळवलं नव्हतं. नागपूरच्या एक बाई आल्या, लेकीला घेऊन. मागच्या सालीही आल्या होत्या. गाडीतून उतरल्या त्या हातात संत्राबर्फीचा डबा घेऊनच. म्हणाल्या, "काका, काकू कुठे आहेत? त्यांना मागच्या वेळी फार आवडली होती."

"ती मेली," मी म्हणालो.

पोरानं मान खाली घातली. मी असाच बोलतो. वारली म्हणा, देवाघरी गेली म्हणा, त्यानं ती काही परत येत नाही. बाई डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. मग डबा सुनेच्या हातात दिला आणि तंबूकडं गेल्या. सांत्वनाचं काही बोलल्या नाहीत, हे मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी बैलांना वैरण टाकत होतो, तर धुऱ्यावरून हाक आली. मुकादमबाईची.

"ओ बाबा! तुमच्या पराटीत कोन घुसलं जी?"

पाहिलं तर ती नागपूरची बाई. कमरेला ओढणीची ओटी बांधून, वाकून कापूस वेचत होती. मी तिथून ओरडलो, "ओ बाई! थांबा! हात नका लावू!" वैरण तशीच टाकून पळालो. या वयात पळणं म्हणजे काय, लंगडत गेलो. तोंडात शिवी तयार होती.

बाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं मी कौतुक करायला आलो. ओटी उघडून दाखवली. "काकूंनी शिकवलं होतं तसंच वेचतेय हं काका. पुरतं उमललेलंच बोंड घ्यायचं, चिमटीनं नाही, पाची बोटांनी."

मी ओटीत हात घातला. कापसात पाला नव्हता, बोंडाचं टरफल नव्हतं. स्वच्छ. असा कापूस आमच्या घरात एकच बाई वेचायची. मी हात बाहेर काढायचं विसरलो. शिवी कुठं गेली माहीत नाही.

"दवात वेचू नाई," मी म्हणालो. "ओला होते."

"अगंबाई, ते विसरलेच मी."

तोवर मुकादमबाई तिच्या चार बाया घेऊन आत आली होती. म्हणाली, "आता तं पराटीले हात लागला. दही आना."

"यंदा सण नाई आमच्याकडं."

"सन कोन म्हन्ते याले? पोया सन होय, दिवाई सन होय. हे काम होय. मांगच्या साली माय अंगात ताप घेऊन आल्ती का नाई? सन असता तं घरी झोपून राह्यली असती."

तिच्याशी मी कधी भांडणात जिंकलो नाही. बायकोशीही नाही. त्या दोघींची जोडीच तशी होती. मी घराकडं तोंड केलं अन् सुनेला हाक मारली, "दही हाय का घरात?"

होतं. सून आठ दिवसांपासून रोज विरजण लावत होती आणि रोज त्याची कढी करत होती. कढी रोज काहून होऊन राह्यली, हा प्रश्न मला पडला नव्हता. ती दहीभात, हळदकुंकू घेऊन आली. मागून पोरगा, त्याच्यामागं नागपूरच्या बाईची लेक डोळे चोळत.

सून झाडाजवळ बसली आणि माझ्याकडं पाहायला लागली. "बाबा, खडे कसे मांडायचे?"

"मले काय मालूम? मी तिकडं बैलबंडीपाशी बैल धरून राहत होतो."

मुकादमबाई पुढं झाली. "आमच्या घरी हे असं काई नाई करत. पन तुह्या सासूच्या मांगं उभी राहून राहून डोयाले पाठ झालं. मांड. असे नाई वं, एका रांगेत. हां."

नागपूरच्या बाईंनी हळूच विचारलं, "बर्फी ठेवली तर चालेल? त्यांच्यासाठीच आणली होती."

"ठेवा जी. पराटी काय नाई म्हन्ते."

सुनेनं दहीभात ठेवला. मग थांबली. "आईंचे ओठ हलायचे तेव्हा. काय म्हणायच्या त्या?"

मलाही ते दुरून दिसायचं. मी समजत होतो काही मंत्र असेल, माहेरून शिकून आली असेल. मुकादमबाईनं पदर तोंडाला लावला. "सांगू का बाबा? राग नोका धरू."

"सांग ना आता."

"म्हने, 'घे माय दही, थंडी राह्य. अन् आमच्या बुढ्याच्या डोक्यावर बी उलसंक टाक.'"

चारही बाया फसकन हसल्या. त्यांना सगळ्यांना माहीत होतं.

"दरसाल म्हने?" मी विचारलं.

"दरसाल! एका साली तं म्हने, यंदा उलसंक नोको, गंजभर टाक."

पोरगा हसायला लागला. मी धुऱ्यावर बैल धरून मोठा मालक होऊन उभा राहायचो, अन् इकडं दरसाल माझ्या डोक्यासाठी दही मागणं चालू होतं. मला राग यायला पाहिजे होता. हसूच आलं. पण नीट आलं नाही, मधेच अडकलं आणि डोळ्यांतून निघालं. मी उपरण्यानं तोंड पुसलं. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. सगळ्या बाया एकदम पराटीकडं पाहायला लागल्या.

सुनेनं झाडापुढं हात जोडले आणि म्हणाली, "घे माय दही, थंडी राह्य." अमरावतीत वाढलेली पोरगी, पण बोलली बरोबर सासूसारखं. पुढचं ती मनात म्हणाली. काय म्हणाली ते मी विचारलं नाही, मला अंदाज आला. मग ती धागा ओढायला लागली तर तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. मी खाली बसलो, बोंड माझ्या हातात धरलं अन् म्हणालो, "आता ओढ. हळू." झाडाभोवती धागा गेला.

मुकादमबाईनं ज्याच्याकडं जायचं होतं त्याला फोन लावून उद्या येतो म्हणून सांगितलं. दव वाळेपर्यंत सगळ्यांनी तिथंच बसून दहीभात आणि बर्फी खाल्ली. मग बायांनी ओट्या बांधल्या. नागपूरच्या मायलेकीही एका ओळीला लागल्या. धुऱ्याजवळची पहिली ओळ बायकोची असायची. तिथं कोणी गेलं नाही. सून थोडा वेळ उभी राहिली, माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ती ओळीत शिरली.

तिचा हात काही चांगला नाही. अर्धा कापूस बोंडातच राहत होता, पाला येत होता. मी तिच्या मागून चालत गेलो आणि राहिलेला वेचत गेलो. ओळीच्या त्या टोकापर्यंत गेलो.