माझ्या सहीचा नियम

कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाचं काम माझ्याकडे येऊन बरीच वर्षं झाली. विद्यापीठाच्या युवा महोत्सवाचे अर्ज भरायचे, मुलं निवडायची, गाडी ठरवायची. त्यातली एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

वडूजकडची एक मुलगी पहिल्या वर्षाला होती, धनगराच्या घरातली. धनगरांच्या गजी नृत्याचा आमचा संघ महोत्सवाला जायचा, त्यात तिला ढोल वाजवायचा होता. वडिलांचा ढोल ऐकत वाढलेली पोर. चाचणीला वाजवायला लागली तर शेजारच्या वर्गातली पोरं तास सोडून दारात आली. मी मात्र घाबरलो. गजीत ढोलावर मुलगी मी कधी पाहिली नव्हती. परीक्षक गुण कापतील, लोक नावं ठेवतील. हे तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून म्हणालो, "विद्यापीठाचा नियम आहे. ढोलावर मुलगाच लागतो."

नियमबियम काही नव्हता. ती "बरं सर" म्हणाली आणि गेली.

पुढच्या वर्षी सूचना टाइप करताना ते वाक्य मी त्यात घातलं. नंतर काय, जुनी फाइल उघडायची, तारीख बदलायची, छापायची. दरवर्षी तो नियम बोर्डावर लागायचा, खाली माझी सही.

यंदा आम्ही लोककलांची कार्यशाळा घेतली. विद्यापीठानं शिकवायला पाठवलं ते तिलाच. आता ती तिथं शिकवते. सभागृहात उभी राहून तिनं विचारलं, "ढोल कुणाकुणाला वाजवायचाय?" पोरं पुढं सरसावली. पलूसकडच्या दोन मुली मागंच राहिल्या.

"तुमाला न्हाई का येत?"

"येतो की मॅडम. पण पोरींना चालत न्हाई. बोर्डावर लिवलंय."

ती बोर्डाकडे गेली, वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "सर, चहा मिळंल का?"

कँटीनमध्ये पहिल्या घोटालाच मी म्हणालो, "तो नियम मी मनानं केला होता. तू... तुम्ही तेव्हा..."

"आवं सर, तूच म्हणा. आन् मला ठाऊक हाय. त्याच आठवड्यात लायब्ररीत नियमावली वाचली. लय रडले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सर, मी काल आलेली पोरगी. काय बोलणार? वाटलं, माझ्यापुरतंच असंल. दिलं सोडून." तिनं कप खाली ठेवला. "आज कळलं, अजून तेच चाललंय. मला सांगून काय उपेग? तिकडं पोरींना सांगा. महोत्सवाचा अर्ज कवा जायचाय?"

"आज. पाचला पोर्टल बंद."

तिनं मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढं धरलं. सव्वाचार.

सभागृहात उभं राहून मी सगळं सांगितलं. मग पलूसच्या दोघींतली एक म्हणाली, "म्हंजी सर, नियम तुमचाच व्हय?"

"माझाच."

"मग काढा की! टाचणी काढून देऊ का?"

असा हशा पिकला की मीही हसलो. कागद मीच काढला आणि ऑफिसात पळालो. पोर्टल दोनदा अडकलं. क्लार्क म्हणाला, "सर, श्वास घ्या, माझा कंप्युटर घाबरतोय." पाचला सात मिनिटं कमी असताना अर्ज गेला. ढोलवादक म्हणून दोन मुलींची नावं.

परत आलो तर दोघींच्या गळ्यात ढोल, भोवती पोरांचं रिंगण. ती मधोमध उभी राहून ओरडत होती, "मनगट सैल सोड गं, भाकरी थापतीयास का?" मला दारात बघून तिनं गजी नाचताना हातात धरतात तसला एक लाल रुमाल फेकला. "या सर, रिंगणात!"

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. रुमाल झेलला आणि शिरलो. पाय सारखे चुकत होते. मागनं पोरी ओरडत होत्या, "सर, डावा! आवं, डावा!" आणि ढोल काही थांबत नव्हते.