सोबत म्हणून आलेल्या अक्का

गोदाअक्का गेल्याची बातमी मला जिनिंगच्या कचेरीत कळली. कापसाच्या गाठींची वजनं मांडत होतो. हातातली बेरीज पुरी केली, लेखणी ठेवली आणि निघालो. त्या गोष्टीला आता महिना होऊन गेला. नटांवर लिहिणारे पुष्कळ मिळतात, पडद्यामागच्या माणसावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे लिहितो आहे. जेवढं पाहिलं तेवढंच लिहीन.

जळगावात आमची हौशी नाटकमंडळी स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झाली. मला नटाचं अंग नाही. सामान नेणं, आणणं, मोटारीची आणि जेवणाची सोय बघणं ही माझी कामं. सुरुवातीला बायकांची कामं पुरुषच करत. आमच्या नायिकेला विडीचं भारी व्यसन होतं आणि प्रेमाच्या प्रवेशात नायक तोंड फिरवून बोले, ते लोकांना लाजणं वाटे! पुढे बाईचं काम बाईनेच करावं असं ठरलं. निर्मल नावाची एक मुलगी तयार झाली, पण तिच्या वडिलांनी अट घातली की वडीलधारी बाई सोबत असल्याशिवाय मुलगी तालमीला येणार नाही. अक्कांचं नाव त्यांनीच सुचवलं. अक्का विधवा, चाळिशीच्या पुढच्या, आमच्याच गल्लीत थोरल्या भावाकडे राहत. मूळची माणसं एरंडोलकडची, घरात बोली खान्देशी. भावाला सगळे आबा म्हणत. किराण्याचं दुकान, आडवा देह आणि मोजकं बोलणं. त्यांनी परवानगी दिली ती एवढ्याच शब्दांत : "पोरीची सोबत. बस."

पहिले काही दिवस अक्का विंगेत नुसत्या बसून राहिल्या. मग एकदा तालमीत नायकाला वेळेवर पत्र सापडेना. दुसऱ्या दिवसापासून पत्र, काठी, पाण्याचा तांब्या, जे ज्याला लागेल ते त्याच्या हाताशी तयार असे. कोणी सांगितलं नव्हतं. वर्षभरात पडदा ओढण्यापासून स्टेजवरचं कापडी घर उभं करून उतरवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे आलं. अंधारात त्यांची चाहूल लागत नसे. मी एकदा तसं म्हणालो, तर हसल्या. "मधुभाऊ, हातात बांगड्या नाहीत. वाजेल काय?" आणि त्या पुन्हा दोर गुंडाळू लागल्या.

नवीन कोणी मागे काम करायला आला की त्याला त्या आधी पाठमोरा बसवत. एक सबंध नाटक त्याने नुसतं ऐकायचं, स्टेजकडे बघायचं नाही. लोक कुठे खोकतात, नट कुठे श्वास घेतो, कुठलं वाक्य तो रोज खातो, हे सांगता आलं की मगच दोराला हात. बरेच जण कंटाळून जात. जे राहिले ते आजही आमच्याकडे आहेत.

मग निर्मलचं लग्न ठरलं आणि ती रावेरला गेली. नवी नायिका आली ती नवऱ्याबरोबर. तो स्वतःच नाटकात फौजदाराचं काम करी. आता सोबतीची गरज उरली नव्हती. धुळ्याचा प्रयोग तोंडावर आलेला. मी मोटारीची वेळ सांगायला गेलो तेव्हा आबा दुकानातच होते.

"आते कोन्ही सोबत? पोरनं लगीन व्हयनं. गोदा घर राहीन," ते म्हणाले. आता कोणाची सोबत, असा त्यांचा सरळ सवाल होता.

अक्का आतून उंबऱ्यापर्यंत आल्या. भावासमोर त्यांना इतकं स्पष्ट बोलताना मी तरी आधी ऐकलं नव्हतं. "मी सोबतले नही जात, आबा. कामले जास."

"लोके काय म्हनतीन?"

"मग मले सोबत पाहिजे. तुम्हीज चला."

आबा माझ्याकडे पाहू लागले. मी मोटारीची वेळ परत सांगितली. दुसरं काय करणार?

तर धुळ्याला आबा आमच्याबरोबर आले, बहिणीची सोबत म्हणून! अक्कांनी त्यांना विंगेत बसवलं, तपकिरीची डबी काढून घेतली आणि बजावलं, पडदा उघडला की शब्द काढायचा नाही. त्यांचा चेहरा मात्र सांगत होता की ही शेवटची खेप. अक्कांनाही ते दिसत होतं.

प्रयोग मोकळ्या मैदानात होता. रंगवलेल्या कापडी भिंतीच्या टेकूंवर ठेवायला आम्ही तिथल्या मंडळींकडे वाळूची पोती मागितली होती. पोती आली, नीट शिवलेली, टम्म भरलेली, आणि ती आणणाऱ्या हमालांनीच परस्पर टेकूंवर टाकली. दुसऱ्या अंकात आबांनी सहज जवळच्या पोत्याला पाय लावला आणि ते ताठ झाले. जन्मभर पोती उचललेला माणूस तो. आत वाळू नव्हती, हलकी सरकी होती! बोलायची तर बंदी. त्यांनी अक्कांचं लक्ष वेधलं, पोत्याकडे बोट केलं आणि फुंकर मारून दाखवली. अक्कांना उमगलं तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि भिंत पुढे कलली. अक्कांनी झेप घालून चौकट धरली, टाच रोवली, आणि हनुवटीने आबांना पोतं दाखवलं. आबा गेले आणि टेकूवरच्या पोत्यावर बसले. त्यांच्या वजनाची आम्ही नेहमी थट्टा करत असू, त्या दिवशी ते कामी आलं. पुढे स्टेजवर लग्नाची बोलणी चालली होती, लोक हसत होते आणि मागे ही बहीणभावंडं घर धरून होती. अंक संपेपर्यंत दोघं हलली नाहीत.

पडदा पडल्यावर आबांनी आधी डबी परत मागितली. मग चौकटीवरून अजून हात न काढलेल्या अक्कांकडे बघत म्हणाले, "हाई काम शे, गोदे." मग माझ्याकडे वळून पुढचा प्रयोग कुठे ते विचारलं. "पुढला खेळ कथा शे?"

त्यानंतर सोबतीचा विषय निघाला नाही. आजारपणाने अंथरूण धरेपर्यंत अक्कांनी एकही प्रयोग चुकवला नाही.

परवा आबांना भेटायला गेलो. एरंडोलकडचे एक नातेवाईक बसले होते. "बिचारी... भावाच्या आधाराने दिवस काढले," असं ते म्हणाले.

"आधार कसाना?" आबा म्हणाले. "मन्ही बहीण नाटकमां काम करे."

पाहुण्यांनी विषय बदलला. मी उठलो, तसे आबा मला पोचवायला दारापर्यंत आले. त्या घराची सागवानी दारं जाड आणि जुनी आहेत. अक्का दर शनिवारी त्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालत. घरात कोण आलं, कोण गेलं ते कळतच नाही, अशी आबांच्या सुनांची नेहमीची तक्रार. पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो, तरी दार लोटल्याचा आवाज आला नाही. आबा अजून उभेच असतील म्हणून वळून पाहिलं... दार लागलेलं होतं.