रविवारचा खाडा

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर आनंदीबाईंची मेस होती. तिथे मी कित्येक वर्षं जेवलो. माझं लग्न जमलं नाही आणि स्वयंपाकही जमला नाही. यात माझी चूक किती आणि इतरांची किती, याचा विचार मी टेलिफोन खात्यातून निवृत्त होईपर्यंत केला आणि मग सोडून दिला. आनंदीबाईंनी तो विषय एकदाही काढला नाही. पोळी घेऊन आल्या की "अजून एक?" एवढंच विचारायच्या आणि नको म्हटलं तरी वाढायच्या.

बाई कात्रजच्या पलीकडच्या शेतकरी घरातल्या. नवरा मच्छिंद्र दुधाच्या टेम्पोवर होता, तो तरुणपणीच गेला. पदरी मूल नाही. सासरच्यांनी दोन वर्षं सांभाळल्यासारखं केलं, मग बाईंनी त्यांना त्या त्रासातून मोकळं केलं आणि इथे येऊन डबे सुरू केले. डब्यांची मेस झाली. नियम थोडे होते पण कडक होते. त्यातला सगळ्यात कडक नियम खाड्याचा.

मेसमध्ये ज्या दिवशी जेवायचं नाही त्या दिवसाला खाडा म्हणतात. आधी सांगितला तर त्याचे पैसे कापून मिळतात. आनंदीबाईंकडे दाराजवळच्या मांडणीवर प्रत्येकाचं नाव घातलेलं स्टीलचं ताट असे. उद्या यायचं नसेल तर संध्याकाळी जेवून उठताना धुतलेलं ताट पालथं ठेवायचं. पालथी ताटं बघून बाई सकाळची कणीक भिजवत. एकदा मी न सांगता पुतण्याकडे सातारला गेलो. परत आलो तर बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पैसे तर मी भरलेच होते. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पैशाचं न्हाई ओ गद्रेकाका. तुमच्या नावानं अन्न शिजलं आन् तुम्ही आलाच न्हाई. बरं न्हाई ते."

मग त्या मेसमध्ये फुटबॉल शिरला.

यज्ञेश्वरशेठ नावाच्या एका बिल्डरने तळजाई युनायटेड नावाचा क्लब काढला. पुण्याला आपला क्लब हवा, देशभरच्या स्पर्धेत पुण्याचं नाव हवं, असं त्यांना वाटलं. पेपरात त्यांचा अर्धं पान फोटो आला, पायाखाली चेंडू. खेळाडू मणिपूर, मिझोराम, केरळ, बंगाल असे लांबलांबून आणले आणि आमच्याच सोसायटीतले फ्लॅट भाड्याने घेऊन त्यांत ठेवले. त्यांच्या जेवणाचं काम आनंदीबाईंना मिळालं. जागा अपुरी पडायला लागली तेव्हा बाईंनी जुन्या सभासदांना हात जोडले. त्यात मीही होतो. माझ्या जागी कोण बसलं, तर ज्याला भाकरी कशाशी खातात हे माहीत नाही असा एक दणकट बंगाली पोरगा! मला तिसऱ्या मजल्यावर डबा येऊ लागला. डब्यातली पोळी आणि पानातली पोळी यांत फरक असतो, तो मी बाईंना रोज ऐकवत असे.

पण खरं सांगायचं तर त्या पोरांनी मेस जिवंत केली. आमटीतला गूळ पहिल्या आठवड्यात गेला. मग भाताचं पातेलं मोठं झालं. मग बाई, ज्यांनी जन्मात सुक्या बोंबलाशिवाय मासा हाताळला नव्हता, त्या मार्केटयार्डाकडच्या अय्युबच्या दुकानातून रोहू आणून मोहरीच्या वाटणात शिजवू लागल्या. कप्तान थोइबा मणिपूरचा. अबोल, अठ्ठाविशी उलटलेला, गुडघ्याला सदा पट्टी. तो स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसायचा. बाई मराठीत बोलायच्या, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं काही अडत नसे. त्याची आई लहानपणीच वारली होती हे मला त्याने नाही, बाईंनी सांगितलं. सांगताना त्यांनी नाक ओढलं आणि कांद्यावर घातलं.

पोरांना खाड्याचा नियम समजायला महिना लागला. समजला तो असा की बाहेरगावी सामन्याला निघताना बसचा ड्रायव्हर हॉर्न मारत असायचा आणि हे सगळे रांगेने ताटं पालथी घालत असायचे.

तिसऱ्या वर्षी शेठचा डोलारा कोसळला. वाकडकडे त्यांचे टॉवर अर्धे बांधून थांबले, बँकांनी तगादा लावला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. आधी एसी बस जाऊन साधी आली, मग साधी जाऊन टेम्पो आला. गुडघे बघणारा फिजिओ गेला. ऑफिसला कुलूप लागलं. पगार थांबले ते थांबलेच. शेठ फोन उचलेनात. क्लब काढताना अर्धं पान देणाऱ्या पेपराने बुडताना चार ओळी दिल्या, त्याही बुद्धिबळाच्या निकालाखाली.

राहिला एकटा मॅनेजर अनंत. हा सरळ माणूस. त्याचाही पगार थकला होता, पण रोज सकाळी पोरांना सरावाला घेऊन जायचा, आणि मेसच्या दाराशी येऊन बाईंना म्हणायचा, "मावशी, एवढा महिना काढा. कुणीतरी घेतंय क्लब."

कुणीतरी म्हणजे कोण ते दर आठवड्याला बदलत असे. आधी दुबईचे कुणी शेख होते. मग हैदराबादचे दोन भाऊ. मग एका साखर कारखान्याचे चेअरमन येऊन गेले, त्यांनी मैदानावरच्या गवताला पाणी किती लागतं याची चौकशी केली आणि चहा पिऊन निघून गेले. बाजारात तुरी, आणि आमच्या मेसमध्ये रोज वरणाच्या फोडणीची चर्चा. बाईंना क्लबकडून दमडी येत नव्हती. जुने सभासद तुटले होते, सगळी मेस या एका कामावर उभी होती. तरी चूल विझली नाही. बाईंच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या तेव्हा मी विचारलं. म्हणाल्या, "कणीक मळताना टोचत्यात."

मी चिडलो. "आनंदीबाई, तुमची धर्मशाळा आहे का?"

"पोरं परक्या गावात उपाशी ठिवू का मग? तुम्ही ठिवाल का?"

उपाशी मीही ठेवली नसती, पण स्वयंपाकही मला येत नव्हता.

अखेर एक खरं गिऱ्हाईक आलं. हिंजवडीतली सॉफ्टवेअरची कंपनी. अनंतने एका शुक्रवारी बाईंच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं, मीही रिकामा डबा द्यायला खाली गेलो होतो म्हणून ऐकलं. कंपनीची अट एकच. ऑफिसातल्या खुर्च्या-टेबलं त्यांना नको होती, त्यांना टीम हवी होती, आहे तशी अख्खी. रविवारी दुपारी त्यांची माणसं मेसमध्ये फीस्टला, म्हणजे गोडाच्या जेवणाला, येणार, पोरांबरोबर जेवणार आणि तिथेच पोरांच्या दोन-दोन वर्षांच्या करारांवर सह्या घेणार. टीम शाबूत असली तर क्लब राहिला, आणि क्लब राहिला तर मेस राहिली. मागची थकबाकी? ती नंतर बघू, असं कंपनी म्हणाली होती.

"फक्त सगळी पोरं पानावर पाहिजेत, मावशी," अनंत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "एकही कमी नको."

खेळाच्या संघटनेचा नियम असा होता की इतके महिने पगार न मिळालेला खेळाडू मोकळा. त्याने दुसरीकडे जावं. पण रविवारी सही केली की तो पुन्हा दोन वर्षं बांधला जाणार, आणि पगार परत थांबला तर मोकळं व्हायला परत तितकेच महिने काढावे लागणार. हे पोरांनाही कळत होतं.

शनिवारी संध्याकाळी मी डबा ठेवायला खाली गेलो. जेवणं उरकली होती, पोरं वर गेली होती. आनंदीबाई मांडणीसमोर उभ्या होत्या. निम्मी ताटं पालथी होती. त्यात थोइबाचं होतं.

झालं होतं ते असं. गोव्याच्या एका क्लबने या पोरांना बोलावलं होतं. सोमवारी तिथे हजर व्हायचं, म्हणजे रविवारी पहाटे स्वारगेटहून निघायचं. कुणालाही कळू द्यायचं नाही, अनंतला तर नाहीच, अशी आपापसांत शपथ घातली होती. आणि एवढी शपथ घालून, जेवून उठल्यावर, सगळ्यांनी नियमाप्रमाणे ताटं पालथी घातली! चोरून पळणारी माणसं आदल्या संध्याकाळी खाडा टाकून पळतात, हे जगात फक्त आमच्या मेसमध्येच घडू शकतं. मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

"सगळं सांगितलं थोइबानं," त्या म्हणाल्या. "मागं थांबला हुता. म्हनला, मावशी, गुडघ्यात आता दोनच वर्षं हायत. हितं पुन्यांदा पैसं बुडालं तर गावाकडं काय घिऊन जाऊ? आन् मग म्हनला, तू बोल मावशी. तू म्हनशील तसं."

"मग? काय म्हणालात?"

"म्हनलं, इचार करते."

"विचार कसला करताय? थांब म्हणा! तो थांबला की बाकीचे थांबतील. नाहीतर मी आत्ता अनंतला फोन करतो. अहो, तुमच्या पाटल्या गेल्या, उद्या ही जागा जाईल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिशातला हात खिशातच ठेवला. "गद्रेकाका," त्या म्हणाल्या, "तुम्ही फोन केलात तर उद्यापास्नं तुमचा डबा बंद." आणि जिना चढून वर पोरांच्या फ्लॅटकडे गेल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने खाली आल्या, एक मोठा रिकामा डबा उघडून त्यात कागद घातला आणि दशम्या करायला बसल्या. प्रवासाला दशम्या टिकतात.

रविवारी हिंजवडीची माणसं आली. त्यांत हेमा नावाची एक तरुण बाई प्रमुख होती, बोलायला गोड, हाताने भात कालवून जेवणारी. बाईंनी बासुंदी केली होती. निम्म्या जागा रिकाम्या. अनंतचा चेहरा पांढरा पडला होता, कारण त्याला सकाळीच फ्लॅट रिकामे सापडले होते.

"बाकीचे कुठे आहेत?" हेमाने विचारलं.

अनंतने घाईघाईने सांगायला सुरुवात केली, की घरी लग्न आहे, दोघा-तिघांना ताप आहे, येतीलच. कंपनीची माणसं बाईंकडे बघायला लागली. त्या क्षणी बाईंनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी मनात म्हणत होतो, हलवा, अहो, हलवा.

"त्यांचा खाडा हाय," आनंदीबाई म्हणाल्या.

"म्हणजे परत कधी येतील?"

"आता न्हाई येनार. बासुंदी घ्या अजून."

हेमाने बासुंदी घेतली. जेवण छान झालं असं मनापासून म्हणाली, उरलेल्या पोरांशी हात मिळवले, आणि "आम्ही विचार करून कळवतो" असं सांगून गेली. ती माणसं वाईट नव्हती. टीम पुरी असती तरी त्यांनी क्लब घेतलाच असता असं छातीठोक कोण सांगणार? पण कळवलं मात्र नाही. महिनाभराने अनंतने उरलेल्या पोरांना एकेक करून स्टेशनवर पोचवलं, आणि तळजाई युनायटेड संपला. पुढे तो कुठल्याशा शाळेत खेळाचा मास्तर झाला.

मेसची जागा गेली. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. आनंदीबाई हिंजवडीला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करायला जातात. सकाळी कंपनीची बस चौकातून उचलते. तिथे हजारभर माणसं जेवतात. कोण आलं आणि कोण नाही आलं, ते कुणाला कळत नाही. याचा त्यांना अजून त्रास होतो, हे त्या बोलून दाखवतात.

मी आता बाहेरून डबा घेतो. त्यातल्या पोळीबद्दल न बोललेलं बरं. रविवारी आनंदीबाईंना सुट्टी असते, तेव्हा त्या माझ्यासाठी चार पोळ्या आणि काहीतरी भाजी घेऊन वर येतात, आणि आम्ही गॅलरीत चहा पितो. मागच्या महिन्यात त्यांच्या मोबाइलवर थोइबाचा फोटो आला होता. गोव्याचा क्लब जिंकला होता, गुडघ्याला पट्टी तशीच. गावाकडे घराचं छत टाकलं असं खाली लिहिलं होतं. त्यांनी मला वाचायला दिलं आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं.

त्यांच्या मोकळ्या मनगटांकडे बघून मला राहवलं नाही. इतक्या दिवसांचा राग होता तो. म्हणालो, "आनंदीबाई, त्या दिवशी तुम्ही थांब म्हणाला असतात तर तो पोरगा थांबला असता. हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

त्यांनी मोबाइल पदराने पुसला आणि कनवटीला लावला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "थांबला असता. म्हनून तर म्हनले न्हाई."