शाळेचं नेटवर्क आणि मधला रस्ता

“हा स्विमिंग पूल कुणाचा?” मी विचारलं.

चौघंही कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली. पडद्यावर त्यांच्या प्रोजेक्टचा आराखडा होता. एका शाळेचं कॉम्प्युटर नेटवर्क. ऑफिस, लॅब, लायब्ररी, हॉस्टेल आणि कोपऱ्यात एका निळ्या चौकोनात स्विमिंग पूल. पुलाशेजारी एक कॉम्प्युटरही मांडलेला होता.

“पुलावरची हजेरी घ्यायला, मॅडम,” श्रावणी म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तिचं तिलाच पटलेलं नसावं.

“शाळा कुठली?”

“सोलापुरातलीच.”

“सोलापुरात नळाला चार दिवसांनी पाणी येतं. आणि ही शाळा पोरांना पोहायला शिकवते?”

श्रावणीने माउसवरचा हात काढून घेतला.

तेव्हा मी सोलापुरातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये नेटवर्किंग शिकवत होते. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला चौघाचौघांचा गट करून एक प्रोजेक्ट करायचा असतो आणि प्रत्येक गटाला एक गाईड असतो. या चौघांची गाईड मी. विषय होता शाळेसाठी नेटवर्क डिझाइन करणं आणि ते सिम्युलेटरवर चालवून दाखवणं. सिम्युलेटर म्हणजे एक सॉफ्टवेअर. त्यात खोटे कॉम्प्युटर माउसने उचलून मांडायचे, खोट्या केबलने जोडायचे आणि एकाकडून दुसऱ्याकडे निरोप पाठवून बघायचा. निरोप पोचला की हिरवी खूण येते. एकही खरी वायर न आणता अख्खी शाळा जोडून होते.

स्विमिंग पूल मी लगेच ओळखला होता, कारण आदल्या वर्षीच्या एका गटाकडेही तो होता. त्यांचा हिरवा होता, यांनी निळा केला होता. आमच्याकडे प्रोजेक्टचा रिपोर्ट काळ्या पुठ्ठ्यात बांधून घेतात, त्याला मुलं ब्लॅक बुक म्हणतात. सीनियर मुलं जाताना ब्लॅक बुक आणि पेन ड्राइव्ह ज्युनियरांच्या हातात ठेवून जातात. लग्नातल्या मोठ्या पातेल्यांसारखी ती फाईल या घरून त्या घरी फिरत असते. नावं बदलायची, रंग बदलायचे, सबमिट करायचं. पण नक्कल करायलाही अक्कल लागते, आणि ती या चौघांनी त्या दिवशी घरी ठेवली होती.

“रिजेक्ट,” मी म्हटलं. “ओरलला तीन आठवडे आहेत. नवीन करा.”

तिघं हिरमुसून निघून गेली. आदिनाथ मागे थांबला. हा मुलगा करमाळ्याचा. इथे दोस्तांबरोबर खोली घेऊन राहायचा.

“मॅडम, माझं एक वर्ष आधीच गेलंय,” तो म्हणाला. “अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक जण कारखान्यांत कॅमेरे आन् नेटवर्क बसवून देतात. ट्रेनिंगला मी त्यांच्याकडंच होतो. ते म्हणालेत, निकाल लागूपर्यंत जागा ठेवतो. न्हाय झालं तर करमाळ्यात काकांचं भुसार दुकान हाय मार्केट यार्डात.”

“मग वाईट काय त्यात?”

“काका लई चांगले हायेत. पण मला पोती मोजायची न्हाईत, मॅडम.”

मला त्याची दया आली. पण गाईडने दया दाखवली की मुलं तीही कॉपी करतात. मी ड्रॉवरमधून मोजायची टेप काढून त्याच्या हातात दिली. “खरी शाळा शोधा. जी शाळा तुम्ही डोळ्यांनी बघितलेली नाही, तिचं नेटवर्क मी तपासणार नाही.”

शाळा श्रावणीने मिळवली. शुक्रवार पेठेजवळची, तिची स्वतःचीच जुनी शाळा. तिचं घर त्याच भागात. वडील यंत्रमागावर कामाला, घरात तेलुगू, बाहेर मराठी. शाळेच्या दोन इमारती होत्या आणि दोन्हींच्या मध्ये रस्ता. अलीकडे जुनी बैठी इमारत, तिथे ऑफिस आणि इंटरनेट. पलीकडे नवी दुमजली इमारत, तिथे वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर लॅब, पण नेट नाही. मुख्याध्यापिका बाईंनी चौघांना चहा पाजला आणि म्हणाल्या, “आमच्या मुली ‘इंटरनेट म्हणजे काय’ हे दोन मार्कांसाठी पाठ करतात. लॅबमध्ये बसून बघितलेलं एकीनंही नाही. तुमचा कागद चांगला झाला तर मी तो कमिटीपुढे ठेवीन.”

आठवड्याने नवा आराखडा आला. स्विमिंग पूल गेला होता, हॉस्टेल गेलं होतं. ऑफिसपासून लॅबपर्यंत तांब्याची एक केबल होती. सगळीकडे हिरव्या खुणा.

“ही केबल किती लांब?” मी विचारलं.

“सिम्युलेटरमध्ये लांबी विचारत नाही, मॅडम,” श्रावणी म्हणाली.

“मी विचारतेय ना. टेप काय शोभेला दिली?”

दोन दिवसांनी आदिनाथ वही घेऊन एकटाच आला. “मॅडम, रस्ता नुसता अकरा मीटर हाय. पण वायर सरळ कुटं जाते? ऑफिसातनं सगळा व्हरांडा, मग गच्चीवर, रस्त्याच्या पलीकडं, तितनं खाली उतरून दुसऱ्या टोकाला लॅब. सगळं धरून एकशे चौतीस भरलं.”

तांब्याच्या नेटवर्क केबलचा भरवसा शंभर मीटरपर्यंत. त्यापुढे सिग्नल अशक्त होतो आणि निरोप वाटेत हरवायला लागतात. हे पहिल्या धड्यातलं आहे. त्याला ते आपणहून आठवलं याचं मला बरं वाटलं. तरी तो हलेना.

“अजून काय?”

त्याने पिशवीतून एक ब्लॅक बुक काढलं. ज्याच्यावरून त्यांनी आधी कॉपी केली होती तेच. “मॅडम, रागावू नका. ह्यात लायब्ररी एकशे ऐंशी मीटरवर हाय. केबल तांब्याचीच. हे बी चालणार न्हाय ना?”

“नाही चालणार.”

त्याने पान माझ्याकडे वळवलं. खाली लाल शाईत ‘तपासले’ असं लिहिलं होतं आणि त्याखाली माझी सही होती.

तो गेल्यावर मी कपाट उघडलं. धूळ झटकून एकेक ब्लॅक बुक काढलं. सहा निघाली. सहांत तोच पूल, तीच लायब्ररी, तेच एकशे ऐंशी मीटर, तीच सही. मुलांनी बघून लिहिलं आणि मी न बघता सही केली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते मला निळ्या रंगात दिसलं होतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ सहा वर्षं दिसलं नव्हतं. मला लाज वाटली. इतकी की त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी चौघांना बोलावून सांगितलं, “चूक माझी आहे.”

मुलांनाच संकोच वाटला. आदिनाथ म्हणाला, “आमी कुणाला सांगणार न्हाय, मॅडम.”

“सांगायचं. रिपोर्टमध्ये एक पान घाला. जुन्या आराखड्यात अशी अशी चूक होती, गाईडने ती तपासली नव्हती, आम्ही दुरुस्त केली. आता कामाला लागा.”

मग फायबर ठरलं. फायबर म्हणजे काचेचा बारीक तंतू, त्यातून प्रकाश जातो आणि तो शंभर मीटरला दमत नाही. या गच्चीवरून त्या गच्चीवर, रस्त्यावरून टांगून. सिम्युलेटरवर सगळं हिरवं. मी या वेळी लांबी बघितली, वळणं बघितली आणि मगच होकार दिला. मुलं खुशीत शाळेत गेली.

मुख्याध्यापिका बाईंनी भिंतीला भोक कुठे पाडायचं ते बघायला शिवप्पामामांना बोलावलं. शिवप्पामामा शाळेचे शिपाई. त्यांनी आधी भिंतीकडे, मग वर आभाळाकडे बघितलं.

“तार रस्त्यावरनं नेणार तुमी?”

“हो मामा.”

“मग संक्रांतीला काय करणार?”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा असते. तेव्हा नंदीध्वज निघतात. हे उंचच उंच सजवलेले ध्वज माणसं अंगावर पेलून, उभेच्या उभे, गावातून चालवत नेतात. बैठ्या घराच्या तर ते कितीतरी वर जातात. मिरवणुकीच्या वाटेवर आडव्या येणाऱ्या तारा आधीच उतरवून घ्याव्या लागतात. शाळेच्या दोन इमारतींमधला तो रस्ता मिरवणुकीच्या वाटेवरचा होता.

“दरसाल तुमची तार सोडायची आन् परत बांधायची, कोन करणार?” शिवप्पामामा म्हणाले. “माझ्या नावावर लिवू नका. मी पुढल्या साली रिटायर हाय.”

श्रावणीने हे मला सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. “मॅडम, मी लहानपणापासून शाळेच्या त्याच गच्चीवरून नंदीध्वज बघते. आणि वायर मीच तिथून काढली.”

मी तिला काय बोलणार? माझी अख्खी नोकरी सोलापुरात गेली. दर संक्रांतीला मीही हात जोडून रस्त्याच्या कडेला उभी असते. आराखडा तपासताना मला केबलची लांबी आठवली, तो रस्ता कुठला हे आठवलं नाही. पडद्यावर पांढऱ्या जागेवर दोन चौकोन होते, मध्ये रस्ताच नव्हता.

रस्ता खोदून फायबर जमिनीखालून न्यायचं तर महापालिकेची परवानगी हवी, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे तोवर आत्ताच्या मुली कॉलेजात गेल्या असत्या. ओरलला आठ दिवस उरले होते. शेवटी चौघांनी दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर एकेक लहान डिश बसवायचं ठरवलं. जेवणाच्या ताटाएवढी. एक बोलते, दुसरी ऐकते, मध्ये वायर नाही. नवी मांडणी सिम्युलेटरवर चालवली. या वेळी हिरव्या खुणेवर माझ्यासकट कुणाचाच विश्वास नव्हता, म्हणून आदिनाथ आणि श्रावणी दोन्ही गच्च्यांवर उभं राहून एकमेकांना दिसतात का तेही बघून आली.

ओरलला बाहेरून परीक्षक येतात. त्या वर्षीचे सर लातूरकडचे होते. कडक. त्यांनी आराखडा बघितला आणि कपाळाला आठी घातली.

“अकरा मीटरचा रस्ता, आणि वायरलेस? फायबर टांगा की. ही नुसती फॅशन आहे. बेसिकच चुकलंय.”

त्यांचं पेन मार्कांच्या कागदावर टेकलं होतं. ओरलमध्ये गाईडने बोलायचं नसतं. मी टेबलाखाली पदराचं टोक पिळत होते. श्रावणीने माझ्याकडे बघितलं. आदिनाथ खाली बघत होता. मला वाटलं, गेलं याचं वर्ष, निघाला हा पोती मोजायला.

“सर,” आदिनाथ म्हणाला, “मी करमाळ्याचा, मला बी ठाऊक नव्हतं. सोलापुरात संक्रांतीला त्या रस्त्यानं नंदीध्वज जातात. उभे. फायबर टांगलं तर आडवं येतंय. खोदायला परवानगी लागती. म्हणून ही डिश.”

सरांनी पेन उचललं. “ठीक आहे. आणि ध्वज तुझ्या दोन डिशच्या मधून गेला तर? सिग्नल तुटेल.”

“तुटंल, सर. पाच-दहा सेकंद.”

“मग?”

“त्या दिवशी शाळेला सुट्टी असती की, सर.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. “खरंय का, मॅडम?”

“खरंय. आम्हालाही असते.”

सर पानं उलटत गेले आणि जुन्या चुकीच्या पानावर थांबले. “गाईडने तपासलं नव्हतं, असं लिहिलंय इथे. गाईड कोण?”

“मी.”

ते पान त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा काढला. “ही फाईल आमच्याकडेही फिरते, मॅडम. आमच्या शाळेत पूल नाही. हेलिपॅड आहे.”

चौघं पास झाली. निकाल लागला त्याच आठवड्यात आदिनाथ एमआयडीसीत कामाला लागला. बाईंनी शब्द पाळला आणि रिपोर्ट कमिटीपुढे ठेवला. कमिटीने नेहमीप्रमाणे वर्ष लावलं, पण मंजुरी दिली. काम आदिनाथच्याच मालकांना मिळालं आणि मालकांनी त्यालाच पाठवलं.

डिश बसवल्या त्या दिवशी दुपारी मला त्याचा फोन आला. नेटवर्क लागलं का हे बघायला आम्ही पिंग करतो. म्हणजे पलीकडच्या कॉम्प्युटरला हाक मारायची आणि ओ येते का बघायचं.

“मॅडम, लॅबमधनं ऑफिसला पिंग केलं,” तो म्हणाला. “पलीकडनं उत्तर आलं.”

मागे मुलींचा गलका ऐकू येत होता. बाई त्यांना रांगेत बसा म्हणून ओरडत होत्या आणि कुणीही बसत नव्हतं. मला भरून आलं. मी त्याला फक्त, “छान. आता रीडिंग लिहून ठेव,” एवढंच म्हणाले.

धडा काय म्हणाल, तर पडद्यावर सगळं हिरवं झालं की चपला घालून बाहेर पडावं आणि शाळेच्या शिपायाला विचारावं. नोकरीची शेवटची तीन वर्षं मी हे न चुकता पाळलं. त्याआधीची सगळी वर्षं खुर्चीत बसून काढली, आणि प्रमोशनं मात्र तेव्हाच मिळाली.